सई, 2004 ची घेऊ नकोस

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती पाहिल्या. फोटो मोठे करकरून पाहिले. प्वेब्लोची 2004 ची, कोलोरॅडो स्प्रिंग्जची 2007 ची आणि फोर्ट कॉलिन्सची 2014 ची. तिन्ही यामाहाच्या एफजेआर 1300 मोटारसायकली. आईचं मत तुला ठाऊकच आहे, तिला गाडीच नको. ते तुम्ही दोघी बोलून घ्या. घ्यायचीच असेल तर कोणती, एवढंच मी लिहितो.

तुझं मन 2004 वर बसलंय, हे तू न लिहिताही कळलं असतं. माझ्या 2005 च्या गाडीची ती सख्खी बहीण. तीच बांधणी, तेच मागचे खोके, आणि त्याच सीटवर माझं जॅकेट घट्ट धरून तू ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांमधून फिरलीस. म्हणूनच आधी तिच्याबद्दल लिहितो. त्या गाडीवर मी जीव लावला, पण ती तुझ्यासाठी नाही.

एफजेआर युरोपात 2001 मध्ये आली आणि अमेरिकेत 2003 चं मॉडेल म्हणून. 1298 सीसी, चार सिलिंडर, मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, पंचवीस लिटरची टाकी. इंजिनाचा हा गाभा शेवटपर्यंत फारसा बदलला नाही, आणि म्हणूनच या गाड्या दीड-दीड लाख मैल चालवणारे लोक भेटतात. मात्र पहिल्या पिढीचा एक त्रास टेक्सासच्या उन्हाळ्यात मी रोज सोसला आहे, तो म्हणजे उष्णता. सिग्नलला उभं राहिलं की फेअरिंगच्या, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, आतली हवा सरळ मांड्यांवर येते. ऑगस्टमध्ये जीन्सच्या आत गुडघे भाजायचे. तुमच्याकडे डेन्व्हरला ऊन कोरडं आणि संध्याकाळी गारवा, त्यामुळे तेवढं एक तू निभावून नेशील.

निभणार नाही ते ब्रेकचं. अमेरिकेत 2003 ला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतंच, 2004 पासून ते वेगळ्या मॉडेलवर मिळू लागलं. प्वेब्लोच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही. मी पुढच्या चाकाचा फोटो मोठा करून डिस्कच्या आतल्या बाजूला सेन्सरची दातेरी कडी शोधली. नाही. तुमच्याकडचा लव्हलंड पास घाट 11,990 फुटांवर आहे आणि तिथे जुलैच्या दुपारीसुद्धा गारा पडतात. मिलियन डॉलर हायवेवर सिल्व्हर्टन ते यूरे या पट्ट्यात कितीतरी ठिकाणी कठडासुद्धा नाही. अशा रस्त्यावर ओल्या डांबरावर अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर चाक लॉक होऊ नये, एवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडे हट्टाने मागतो.

शिवाय पहिल्या काळातल्या काही गाड्यांमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइड झिजून इंजिनातून टिकटिक यायची. तेव्हा वॉरंटीत दुरुस्त्या झाल्या. आज वीस वर्षांनी त्या गाडीचं काय झालंय, हे फक्त पावत्या सांगतील, आणि प्वेब्लोवाल्याकडे पावत्या नाहीत, असं तूच लिहिलंयस.

आता 2007. 2006 मध्ये यामाहाने गाडी खूप सुधारली. एबीएस सगळ्यांना आलं, गरम हवा बाजूला काढणाऱ्या फटी आल्या, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांबला, सीट खालीवर करता येऊ लागली. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, तेही तेव्हापासूनच. किंमत मधली, म्हणून मोह होणार. पण 2006 आणि 2007 च्या काही गाड्यांचा घोळ नेमका तुझ्या डोंगराळ कोलोरॅडोत नडणारा आहे. उंचीवर गेलं की थ्रॉटल विचित्र वागायची, अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी इंजिनाचा वेग नीट उतरायचा नाही. पुढे कंपनीने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, बदलून दिले. घाटात वळण घेताना हातातली गाडी ऐकत नसेल तर काय होईल, हे तुला सांगायला नको. ईसीयू बदलल्याचा कागद मालक दाखवू शकला तरच पुढे बोल.

त्या पिढीचं इग्निशन स्विचचंही रिकॉल होतं, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. आतली एक जोडणी सुटून चालती गाडी बंद पडण्याची शक्यता होती. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन ती दुरुस्ती झालीय का, ते तपासून घे. वायरिंगच्या हार्नेसमधल्या अर्थिंगच्या जोडण्याही त्या वर्षांत गंजून जळायच्या. कोणी त्या काढून नीट करून घेतल्या असतील तर तो मालक गाडीची काळजी घेणारा आहे असं समज. विचार, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघ.

माझा कौल 2014 ला. 2013 पासून थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक झाली, क्रूझ कंट्रोल आला आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल आला. वळणावर वाळू आली आणि तू थोडा जास्त अ‍ॅक्सिलेटर दिलास, तर गाडी सावरून घेते. फोर्ट कॉलिन्सची साधं ‘ए’ मॉडेल आहे, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनची ईएस नाही. मला ते बरंच वाटलं. इलेक्ट्रॉनिक शॉकअप बिघडलं की खर्च डोळे पांढरे करतो, आणि साधं हाताने सेट करायला तू एका रविवारी शिकशील. सहावा गिअर 2016 पासून आला, पण त्यासाठी थांबू नकोस. या इंजिनाला एवढा टॉर्क आहे की पाचवा हायवेला पुरतो.

वजनाचा मात्र विचार कर. पेट्रोल भरलेली गाडी जवळपास 290 किलो. सीट 805 किंवा 825 मिलिमीटरवर बसते, खालच्या जागी लावून बघ. उतारावर, खडीवर, इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून बघ. जमलं नाही तर तिथून निघ, लाजू नकोस.

बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग की गाडी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघ, थंड हवं. मग चालू करून उजव्या बाजूला कान दे. पहिल्या काही सेकंदांत डबा खुळखुळवल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला झालाय. हा सगळ्या पिढ्यांचा रोग आहे. भाग महाग नाही, पण दुर्लक्ष झालं आणि चेन दात सोडून उडाली तर व्हॉल्व्ह वाकतात, मग अख्खं इंजिन गेलं. आवाज आला तर किंमत पाडून घे आणि सगळ्यात आधी तोच बदल.

फोर्ट कॉलिन्सची गाडी 31,000 मैल चाललीय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासायची वेळ 26,600 मैलांना येते. केलंय का, पावती कुठे? नसेल तर ते काम आणि गॅरेजची मजुरी धरून भाव कर. मागचं चाक शेवटचं काढलं तेव्हा शाफ्टच्या स्प्लाइनला (जोडणीच्या दात्यांना) ग्रीस लावलं होतं का, हेही विचार. ज्याला हा प्रश्न कळतो त्याने गाडी सांभाळलीय. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही छान दिसली तरी सहा-सात वर्षांचं टायर बदललंच पाहिजे. टायटल (मालकीचा कागद) स्वच्छ आहे, सॅल्व्हेज (विमा कंपनीने निकालात काढलेली) नाही, हे पैसे देण्याआधी पाहा.

2004 आणि 2014 च्या किमतीतला फरक मी भरतो. नको म्हणू नकोस. माझी गाडी विकली त्याचे पैसे तसेच पडून आहेत, ते याच कामाला लागू देत. विम्याचा कोट तेवढा तू आधी काढ, 2014 चा हप्ता जास्त येईल. शनिवारी सकाळी तिकडे गेलीस की गाडी चालू करण्याआधी मला व्हिडिओ कॉल लाव आणि फोन इंजिनाच्या उजव्या बाजूला धर, म्हणजे मलाही ऐकू येईल.

तुझा,
बाबा