स्वस्त रॅम आणि लेबलावरचं एक अक्षर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाची रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, महागल्याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. परदेशी संकेतस्थळांवर तीच रॅम पुष्कळ स्वस्त मिळते, तिथून मागवून पाहायला हरकत नाही, असं शेवटी एका वाक्यात म्हटलं होतं. ते चूक नाही. मी स्वतः दोनदा मागवली आहे. पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा निभावलं. पण त्या वाक्याच्या पुढे आणखी चार ओळी हव्या होत्या. त्या नसल्यामुळे कुणाचे तरी पैसे पाण्यात जातील, या काळजीपोटी हे पत्र लिहिते आहे.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. चारशे पानांचं सचित्र पुस्तक उघडलं की माझा डेस्कटॉप धापा टाकू लागायचा. त्यात रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती, डीडीआर४ जातीची, म्हणजे चौथ्या पिढीची. बाकी मशीन ठणठणीत असल्यामुळे नवं घेण्याऐवजी रॅम वाढवायचं ठरवलं. एका परदेशी विक्रेत्याकडे १६ जीबीच्या दोन पट्ट्या निम्म्याहून कमी किमतीत दिसल्या. डीडीआर४, वेग २४००, खाली ‘डेस्कटॉप, वर्कस्टेशन, सर्व्हर, सर्वांसाठी’. माझ्या जुन्या पट्टीवरही २४००च होतं. आकडे जुळले म्हणून पैसे भरले.

पाकीट यायला २६ दिवस लागले. सीमाशुल्क वेगळं भरावं लागलं, तिथेच सवलतीतला मोठा वाटा गेला. पट्ट्या स्लॉटमध्ये अगदी सहज बसल्या, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खट्‌कन लागल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. काही सेकंदांनी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि तेच चक्र चालू राहिलं. पट्ट्या काढल्या, सोनेरी कडा पुसल्या, स्लॉट बदलले, एकेक लावून पाहिली. जुनी पट्टी लावली की सगळं सुरळीत. संध्याकाळ त्यात गेली.

शेवटी जुनी आणि नवी पट्टी टेबलावर शेजारी ठेवून भिंगातून लेबलं वाचली. जुन्या पट्टीवर होतं: ‘१आर×८ पीसी४-२४००टी-यूए२’. नवीवर: ‘२आर×४ पीसी४-२४००टी-आरए१’. सुरुवातीचा ‘आर’ दोन्हींवर असतो, तो ‘रँक’चा, म्हणजे पट्टीवरच्या चिपांच्या गटाचा, त्याने गोंधळून जाऊ नये. पाहायचं ते वेगाच्या आकड्यानंतरच्या आडव्या रेघेपुढचं अक्षर. तिथे ‘यू’ असेल तर ती साधी, अनबफर्ड रॅम, म्हणजे आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपची. ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची, इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या मोठ्या संगणकाची. मग पट्टीकडेच नीट पाहिलं, तर मधोमध एक जादा चिप होती, जुनीवर नसलेली. तेच ते रजिस्टर. प्रोसेसरकडून येणारे आदेश आणि पत्ते आधी त्या चिपकडे जातात आणि तिथून पुढे मेमरीच्या चिपांकडे. नेहमीच्या डेस्कटॉपला ही व्यवस्था चालत नाही, म्हणून तो सुरूच होत नाही.

या चुकीत ग्राहकाला सावध करणारं काहीच नसतं, हे मला फार खटकतं. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८. डीडीआर५लाही २८८च, पण तिची खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये जातच नाही. डीडीआर४मध्ये मात्र साधी आणि रजिस्टर्ड यांच्या पिना सारख्या, खाचही एकाच जागी. दोन्ही तितक्याच आज्ञाधारकपणे बसतात. डीडीआर५मध्ये या दोन प्रकारांच्या खाचाही वेगळ्या केल्या, ते बरं झालं. पण घरोघरी अजून डीडीआर४ची यंत्रं पुष्कळ आहेत आणि रॅम वाढवायची गरज त्यांनाच जास्त आहे.

सर्व्हरची रॅम इतकी स्वस्त का, तर मोठी डेटा सेंटर जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा त्यातल्या पट्ट्या ढिगाने बाजारात येतात. माल बहुतेक वेळा उत्तम असतो. ज्याच्याकडे तसा मदरबोर्ड (संगणकातला मुख्य फलक) आहे त्याने जरूर घ्यावा. माझी तक्रार मालाबद्दल नाही, त्यावर ‘डेस्कटॉपसाठी’ असं लिहून विकण्याबद्दल आहे. जुन्या डीडीआर३मध्येही असाच एक प्रकार आहे. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या त्या स्वस्त पट्ट्यांवर वेगळ्या रचनेच्या चिपा असतात आणि इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर त्या चालत नाहीत. तिथे निदान जाहिरातीत ‘फक्त’ हा शब्द तरी असतो.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की माल वर्णनाप्रमाणेच आहे, परत करायचा तर तुमच्या खर्चाने. टपालखर्च विचारला तर तो जवळजवळ पट्ट्यांच्या किमतीएवढा निघाला. शिवाय पाकीट हाती येताच, काही तपासण्याआधीच, मी ‘माल मिळाला’ हे बटण दाबून बसले होते. अनेक ठिकाणी त्या बटणानेच विक्रेत्याला पैसे सुटतात. मशीनमध्ये रॅम तपासून होईपर्यंत त्याला हात लावू नये, हे वाचकांना कळकळीने सांगावंसं वाटतं.

दुसऱ्यांदा मागवताना आधी विक्रेत्याकडून लेबलाचा स्पष्ट फोटो मागितला. अक्षरं वाचता येतील असा. दोघांनी टाळाटाळ केली, तिसऱ्याने पाठवला. ‘यू’ आहे हे पाहूनच पैसे भरले. पट्ट्या आल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. पहाटे उठून पाहते तर एका पट्टीच्या नावाने चुकांच्या ओळी उमटलेल्या. एरवी विंडोज त्या पट्टीवर छान सुरू झालं होतं, दिवसभर कामही झालं असतं! माझ्या धंद्यात हे सगळ्यात भयंकर आहे. फाइल सेव्ह होताना खराब रॅममधला एखादा बिट (० किंवा १) उलटला तर चूक फाइलमध्येच जाऊन बसते आणि ती कधी कळेल याचा नेम नाही. स्क्रीनचा फोटो काढून तक्रारीच्या मुदतीत पाठवला, तेव्हा त्या पट्टीचे पैसे परत मिळाले. दुसरी पट्टी आजही कामाला आहे.

लाइफटाइम वॉरंटीविषयीही थोडं. अनेकदा ती माल जिथे विकला त्याच देशापुरती किंवा प्रदेशापुरती असते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अटी आधी वाचाव्यात. आणि पट्टी परदेशी पाठवायचा खर्च आपल्यालाच करायचा असेल, तर वॉरंटी असून नसल्यासारखीच.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. एआयसाठीच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली आणि रॅम बनवणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे या पट्ट्यांवरच्या मेमरीच्या चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडेच बनतात. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी साधा माणूस स्वस्त पर्याय शोधणारच, आणि त्याने का शोधू नये? त्याला ते एक अक्षर माहीत असलं पाहिजे, एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून विनंती अशी की, पुरवणीत जागा होईल तेव्हा साध्या आणि रजिस्टर्ड पट्टीच्या लेबलांची छायाचित्रं शेजारी-शेजारी, वाचता येतील इतकी मोठी छापावीत. माझ्याकडच्या दोन्ही पट्ट्यांचे फोटो या पत्रासोबत पाठवते आहे. ते अक्षर मी लाल वर्तुळाने दाखवलं आहे.

आपली नियमित वाचक,
एक अक्षरजुळणीकार