‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांतला फरक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत संगणक शाखेविषयी आपल्या दैनिकात बरेच छापून येते. मात्र वर्षानुवर्षे वापरात असलेला कोड सोपा करण्याच्या कामाविषयी त्यात सहसा काही नसते. सी भाषा शिकवणारा शिक्षक म्हणून या कामाचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवतो.

चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या आतली मूल्ये दाखवणारे साधन म्हणजे डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी त्यांत सर्वपरिचित आहे. ॲरेतला, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या क्रमवार यादीतला, एखादा घटक दाखवायचा तर ॲरेच्या मर्यादांचा (पहिल्या आणि शेवटच्या घटकाच्या क्रमांकांचा) हिशेब त्याला करावा लागतो आणि तो वाटतो तितका सरळ नाही. सी भाषेत मोजणी शून्यापासून होते, फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एरवी एकपासून. पण तिथे -३ ते ४ अशाही मर्यादा घालता येतात आणि मग ॲरेत आठ घटक असतात. (हवामानाच्या अंदाजाची अनेक मॉडेल आजही फोर्ट्रानमध्ये असल्याने ही भाषा इतिहासजमा झालेली नाही.) काही ॲरेंची लांबी प्रोग्राम चालू झाल्यावरच ठरते, तेव्हा कंपाइलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) डीबगरसाठी आकड्याऐवजी तो काढण्याचे सूत्र नोंदवून ठेवतो. सीमधल्या स्ट्रक्चरच्या (अनेक मूल्ये एकत्र बांधणाऱ्या रचनेच्या) शेवटी ‘इंट आयटम्स[]’ असे रिकाम्या कंसाने लिहिले, तर वरची मर्यादा कुठे नोंदलेलीच नसते.

थोडक्यात, मर्यादा हा आकडा असेल, सूत्र असेल किंवा ती अज्ञात असेल. जीडीबीचे मर्यादा काढून देणारे जुने फंक्शन (ठरावीक काम करून उत्तर देणारा कोडचा तुकडा) मात्र यांतला प्रकार न तपासता सरळ आकडा वाचत असे आणि अज्ञात मर्यादेसाठी शून्य परत करत असे, कारण ती जागा सुरुवातीला शून्याने भरलेली असे. २०२० मध्ये हे बदलले. दोन्हींपैकी एक जरी मर्यादा पक्का आकडा नसेल, तर त्या फंक्शनने ‘जमले नाही’ असे सांगावे, असे ठरले. हे योग्यच होते. पण घटक शोधणारा कोड ते उत्तर तपासतच नव्हता. त्यामुळे वरच्या अज्ञात मर्यादेपायी खालची मर्यादाही, जी शून्य असल्याचे पक्के ठाऊक होते, भरली गेली नाही, आणि तिच्या जागी मेमरीत आधीपासून पडून असलेली भलतीच किंमत वापरली गेली. आयटम्सच्या पहिल्या घटकात १०१ असताना डीबगर भलत्याच पत्त्यावर जाऊन ‘तिथली मेमरी वाचता येत नाही’ असे सांगू लागला.

यावरचा उपाय मला विशेष आवडतो. घटक शोधायला खालची मर्यादा पुरेशी असते. वरची फार तर इंडेक्स (मागितलेल्या घटकाचा क्रमांक) तपासायला लागते. म्हणून दोन्ही मर्यादा एकदम विचारणाऱ्या त्या फंक्शनची दोन स्वतंत्र फंक्शन करण्यात आली, म्हणजे ज्याला जी हवी ती त्याने मागावी. शिवाय मूळ फंक्शन तीन प्रकारची उत्तरे देत असे: १, ० आणि -१. ते वापरणाऱ्या कुणालाच त्यांपैकी दोहोंमधल्या फरकाची गरज नव्हती, तेव्हा ‘जमले’ आणि ‘जमले नाही’ एवढीच उत्तरे ठेवली गेली. डीबगर वापरणाऱ्याला यातून नवे काही मिळाले नाही, पण पुढे हा कोड वाचणाऱ्याच्या डोक्यावरचा भार निश्चित हलका झाला.

आमच्या विद्यार्थ्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला मात्र ‘नवे काय केले’ या एकाच प्रश्नावर गुण मिळतात. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली एक गुंतागुंत सोडवणाऱ्या आणि ती सोडवताना आणखी काय मोडले हे शोधणाऱ्या मुलाला तिथे जागा नाही. जीडीबीचा सारा कोड आणि त्यातला प्रत्येक बदल कुणालाही विनामूल्य पाहता येतो. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी अशा कामाला प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी आणि गुणदानात त्यासाठी स्वतंत्र निकष ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक शिक्षक, सांगली