सुतकातही लग्नाचाच प्रश्न

महोदय,

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतील २०२५च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातील घर अधिक जवळचे वाटले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या आनंद या समलिंगी तरुणाला नातेवाईक त्या दुःखातही लग्नाचे विचारत राहतात आणि बालमित्र बाळ्याबरोबर घालवलेला वेळच काय तो त्याचा स्वतःचा उरतो.

आमच्या वडिलांच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत घाटावर उभे असताना, चुलत्यांनी माझ्या धाकट्या भावाला हेच विचारले होते. तो मान खाली घालून अंगठ्याने वाळू उकरत राहिला. आम्हा थोरल्यांना तेव्हा काहीच उमगले नाही, याची मला आजही खंत वाटते. चित्रपटातील आईला मुलाचे मन ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, तरी भावकीत त्याचा उच्चारही होत नाही. हा चित्रपट तालुक्याच्या गावी, घरातल्या वडीलधाऱ्यांना सोयीच्या अशा संध्याकाळच्या खेळाला लागावा, अशी वितरकांना विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक