ढब्बूची भाजी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या ढब्बू कासवाला माझ्या स्वाधीन करताना तू बजावले होतेस की त्याला भाजी मुळीच आवडत नाही, तेव्हा त्या फंदात पडू नकोस. मी पडले. साडेतीन महिन्यांनी काल सकाळी त्याने भोपळ्याचा कीस आपण होऊन खाल्ला. सुट्टीत तू त्याला परत नेशील तेव्हा माझी मेहनत आठ दिवसांत वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लाल कानाची ही कासवे लहानपणी मुख्यतः किडे, मासे असा मांसाहार करतात आणि वाढत्या वयाबरोबर वनस्पतींकडे वळतात. ढब्बू काडेपेटीएवढा होता तेव्हा आपण त्याला सुकी कोळंबी देत होतो, त्यात फारसे चुकले नाही. पण तो तळहाताहून मोठा झाला तरी आपला हात त्याच डब्यात राहिला. डब्याचे झाकण वाजले की तो काचेशी येऊन पाय मारतो आणि आपण 'बिचारा उपाशी आहे' म्हणतो. तो उपाशी नसतो, त्याने आपल्याला बरोबर ओळखलेले असते.

भाजीला हात लावण्याआधी मी टाकीचे पाणी तपासले, ते जेमतेम २१ अंश होते. कासवाच्या शरीराची ऊब बाहेरून येते. पाणी गार असले की त्याचे पचन मंदावते आणि भूकही मरते, मग पुढ्यात काहीही ठेवा. हीटर लावून पाणी २५ अंशांवर आणले आणि दिव्याखालचा दगड ३० अंशांच्या थोडा वर राहील असे पाहिले. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन मात्र पुरेसे नाही, कारण हाडांसाठी आणि कवचासाठी त्याला लागणारे अतिनील किरण काच जवळजवळ अडवते. म्हणून ते किरण देणारा खास दिवा बंद ठेवू नकोस.

त्यानंतर मी दोन चुका केल्या. भाजीची वाटी मी दगडावर ठेवत असे. पाण्यातल्या कासवाची जीभ घास मागे ढकलू शकत नाही, त्याला पाण्याबरोबरच गिळावे लागते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला माझीच लाज वाटली. दुसरी चूक म्हणजे रोजचा पालक. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे तो क्वचितच द्यावा.

शेवटी उपयोगी पडली ती त्याचीच लबाडी. कोळंबी भिजवलेल्या पाण्यात मी गाजराचा आणि लाल भोपळ्याचा कीस मुरवू लागले, आणि सकाळी, तो सर्वांत भुकेला असताना, तेवढेच टाकीत सोडू लागले. दोन तासांनी उरलेले काढून टाकायचे आणि त्या दिवशी दुसरे काही द्यायचे नाही. धडधाकट मोठे कासव काही दिवस न खाता सहज राहते, हे ठाऊक असूनही चौथ्या रात्री मला झोप लागली नाही. पाचव्या दिवशी तुझ्या बाबांनी गुपचूप चार कोळंब्या टाकल्या आणि सगळा श्रीगणेशा पुन्हा करावा लागला. पुढे सॅलडची पाने काचेला चिमट्याने लावली. फिल्टरच्या प्रवाहात ती हलू लागली तेव्हा हलणारी वस्तू दिसताच चावा घेण्याची त्याची खोड कामी आली. मग मी कोळंबीचे पाणी रोज थोडे थोडे कमी करत गेले.

आता पाने रोज आणि कासवांच्या तयार खाद्याच्या गोळ्या एक दिवसाआड, त्याही सगळ्या मिळून त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच. टाकीत डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती, सोडली आहे. ती तो येता-जाता खातो. पुढे कधी त्याने खाणे सोडले आणि पापण्या सुजलेल्या दिसल्या किंवा तो एका बाजूला कलून तरंगू लागला, तर तो रुसला आहे असे समजू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. पापण्यांची सूज अनेकदा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येते. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुतोस ना?

कोळंबीचा डबा कुलपात आहे. तू आलास की किल्ली देईन, मात्र ती कुठे आहे हे तुझ्या बाबांनी फोनवर विचारले तर तुला ठाऊक नाही असेच सांग.

तुझी,
आई