गाडीला पीपीएफच्या नावाखाली लावलेल्या फिल्मबद्दल तक्रार

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सांगितली ती फिल्म न लावल्याबद्दल आणि बॉनेटच्या रंगावर ब्लेडची रेघ उमटल्याबद्दल

महोदय,

मी साताऱ्याला राहते आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. रोज सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून जायचं आणि संध्याकाळी घाट चढून परत यायचं. नव्या बोगद्याचं काम सुरू झाल्यापासून या रस्त्यावर डंपर किती असतात आणि त्यांच्या मागून खडी कशी उडते, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या आधीच्या गाडीच्या बॉनेटवर टवकेच टवके उडाले होते आणि पुढच्या कडेला गंज धरला होता. म्हणून मागच्या दसऱ्याला नवी पांढरी गाडी घेतली तेव्हा पीपीएफचा, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मचा, विचार मी गाडी ताब्यात येण्याआधीपासून करत होते.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण फोनवर तुमच्या माणसाने मला "मॅडम, तुम्ही न विचारता लावून घेतलंत" असं सांगितलं. मी खूप विचारलं होतं.

घरी माझे पती म्हणत होते की सिरॅमिक कोटिंग पुरे. पण सिरॅमिकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. पाणी त्यावरून घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पण खडी त्याने अडत नाही. चांगली पीपीएफ दीडशे ते दोनशे मायक्रॉनची असते, म्हणजे कंपनीतून आलेल्या सगळ्या रंगापेक्षा जाड. खडीचा मार ती स्वतःवर घेते. मग प्रश्न खर्चाचा. पूर्ण गाडीला तुम्ही १,१०,००० रुपये सांगितले. ते मला पटलं नाही, कारण खडी लागते ती पुढून. दारांना आणि डिकीला एवढे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडे, बॉनेट पुन्हा रंगवायला गॅरेजवाला सहा-सात हजारच सांगत होता. मग फिल्म हवीच कशाला? यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी माझ्या मनाने कौल दिला तो एका गोष्टीवरून : कंपनीचा मूळ रंग एकदा गेला की तो परत येत नाही. पुन्हा मारलेल्या रंगाची छटा थोडी तरी वेगळी दिसते आणि जुनी गाडी घेणारा मीटर लावून रंगाची जाडी मोजतो. ही गाडी मी सात-आठ वर्षं वापरणार आहे, म्हणून बंपर, बॉनेट, पुढचे दोन्ही फेंडर आणि आरसे एवढ्यालाच फिल्म लावायची असं ठरवलं. ३२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३७,७६० रुपये मी तुमच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये भरले.

त्या वेळी मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. फिल्म टीपीयूची, म्हणजे लवचीक, टिकाऊ प्लॅस्टिकची आहे का, स्वस्तातल्या पीव्हीसी प्लॅस्टिकची तर नाही ना? उत्तर मिळालं, शंभर टक्के टीपीयू, १९० मायक्रॉन. पिवळी पडली तर? पाच वर्षांची वॉरंटी, पिवळेपणासकट. गाडीवर ब्लेडने कापणार का? नाही, सगळे तुकडे मशीनवर कापून येतात, कडा आत दुमडतो.

आज नऊ महिन्यांनी काय स्थिती आहे, ते सोबतच्या फोटोंत दिसेल. मे महिन्यातच बॉनेटवर पिवळे डाग दिसू लागले. पांढऱ्या गाडीवर ते लांबूनही कळतात. बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतील असं सांगितलं होतं. मी दोनदा गरम पाणी ओतून पाहिलं, एकही ओरखडा भरला नाही. डाव्या फेंडरजवळ फिल्म आक्रसून कड सुटली आहे. साताऱ्यात हेच काम करणाऱ्या एका जाणकाराने ती कड हलकेच ओढून पाहिली. टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि परत जागेवर येते, ही मात्र कडक होऊन तडकली. त्याच्या मते ही पीव्हीसी आहे. माझ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल नाही, पण तुमच्या बिलावरही फक्त "फ्रंट पीपीएफ" एवढंच लिहिलं आहे. ना फिल्मचं नाव, ना रोलचा क्रमांक. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला तर अशी नोंदच नाही असं उत्तर येतं.

सगळ्यात जास्त वाईट मला बॉनेटच्या कडेचं वाटतं. फिल्म आक्रसली तिथे खालच्या रंगावर जवळपास वीतभर लांब, सरळ रेघ उघडी पडली आहे. ती ब्लेडची आहे. जो रंग वाचवण्यासाठी मी पैसे मोजले, तोच रंग फिल्म लावताना कापला गेला. या पावसाळ्यात त्या रेघेत पाणी जाऊन गंज धरेल या काळजीने मी रोज संध्याकाळी ती कड पुसते आहे.

जूनपासून मी पाच वेळा फोन केले. एकदा सांगितलं, पांढऱ्या गाडीला असं होतंच. एकदा सांगितलं, तुम्ही गाडी उन्हात लावता. आमच्या कारखान्यात छपराखाली पार्किंग नाही, आणि गाडी उन्हात उभी राहणारच हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवटच्या फोनवर कड सुटणं वॉरंटीत बसत नाही असं म्हणून हात वर केले. कार्डावर तसं कुठेही लिहिलेलं नाही.

माझ्या गाडीला लावलेल्या फिल्मचं नाव, प्रकार आणि रोलचा क्रमांक मला लेखी कळवावा. ही फिल्म तुमच्या खर्चाने काढून द्यावी, आणि लवकर, कारण अशी फिल्म जितकी जुनी होईल तितकी ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद रंगावर राहतो. भरलेले ३७,७६० रुपये परत करावेत आणि ब्लेडच्या रेघेची वेगळी भरपाई द्यावी. त्याऐवजी बॉनेट फुकट रंगवून देण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण वर लिहिलं आहेच. बदली फिल्मही नको.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमचं वर्कशॉप पुण्यात असलं तरी या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

फिल्म काढण्याची तारीख दोन दिवस आधी कळवावी. काम चालू असताना मी गाडीजवळ थांबणार आहे आणि निघालेली फिल्म माझ्या ताब्यात घेणार आहे.

आपली,
एक ग्राहक, सातारा

सोबत : बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, अकरा फोटो