सोसायटीच्या खर्चात एक शिडी बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येणारा मेसेज म्हणजे 'कोणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का'. खाली चार जण चार नंबर टाकतात, त्यातले दोन लागत नाहीत, एक जण उद्या येतो म्हणतो आणि तो उद्या काही उगवत नाही. मला यात प्लंबरची चूक वाटत नाही. त्याच्याकडे अख्ख्या बाथरूमची कामं असतात, तो एका वायसरसाठी ट्रॅफिकमधून अर्धा दिवस घालवून कशाला येईल, आणि आलाच तर व्हिजिटचे पैसे घेणारच, घ्यायलाच पाहिजेत. पण असली कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत की, फक्त हाताशी सामान नसतं आणि कुणी कधी दाखवलेलं नसतं.

नळाचंच घ्या. रात्रभर टपटपणाऱ्या नळाखाली बादली लावून सकाळी बघा किती भरली ते, आणि मग एप्रिल-मेमध्ये टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये भांडा. जुना पितळी नळ असेल तर आतलं रबरी वायसर झिजलेलं असतं, हल्लीचा अर्ध्या फेऱ्यात उघडणारा असेल तर अख्खं स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा आतला भाग, बदलायचं, जुनं खिशात घालून दुकानात न्यायचं म्हणजे तेच मिळतं, अंदाजाने आणलेलं बसत नाही. आधी कॉक बंद करायचा एवढं मात्र विसरायचं नाही. आणि पाणी बारीक येतंय म्हणून प्लंबर शोधणाऱ्यांनी आधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढून बघावी, बोअरच्या पाण्याचे क्षार बसून ती गच्च झालेली असते, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की साफ होते. तसंच पंख्याचं. नुसता गुणगुणतोय, काठीने ढकलला की फिरतो, किंवा पाचवर ठेवूनही दमल्यासारखा फिरतोय, तर बहुतेक वेळा कंडेन्सर (पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा भाग, कपॅसिटर) गेलेला असतो. साध्या पंख्याला बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा लागतो पण जुन्यावर छापलेला आकडा बघूनच घ्यावा, तापकीर गल्लीत तर पन्नासेक रुपयांत मिळून जातो. मेन बंद करायचा, टेस्टर लावून बघायचं, आणि मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा करंट राहू शकतो म्हणून त्याच्या टोकांना उघडा हात लावायचा नाही.

मिक्सरचं तर विचारूच नका. डाळ वाटताना बंद पडला म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू तो रिक्षात घालून सर्व्हिस सेंटरला निघाल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी गेटवरच मिक्सर उलटा केला, बुडाशी लाल बटण होतं ते दाबलं, झालं. लोड जास्त झाला की ते बटण बाहेर येतं, जरा गार होऊ द्यायचं आणि दाबायचं. या ताई आमच्याकडच्या सगळ्यात तरबेज रिपेअरवाल्या आहेत, पण ग्रुपवर लोक अजून 'एखादे काका येऊ शकतील का' असंच विचारतात, असो.

अडचण खरी शिडीची आहे. पंखा उतरवायचा तर स्टुलावर स्टूल ठेवून चढतात लोक, सत्तरीचे आजोबासुद्धा, कारण मुलगा-सून अमेरिकेत आणि इलेक्ट्रिशियन रविवारी येत नाही. दुसरीकडे दर तिसऱ्या घरात ड्रिल मशीन पडून आहे, वर्षातून दोनदा फ्रेम टांगायला निघतं. म्हणून आमच्या कमिटीला मी सुचवलं की सोसायटीच्या पैशातून एक सहा पायऱ्यांची अॅल्युमिनियमची शिडी, एक ड्रिल, पाने, पक्कड, टेस्टर, टेफ्लॉन टेप, एम-सील, भिंतीत स्क्रू धरणाऱ्या थोड्या गिट्ट्या आणि स्क्रू एवढं घेऊ, बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळेल, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू आणि वहीत सही करून न्यायचं. तर प्रश्न आला कोणी पडलं तर जबाबदार कोण. अहो, आत्ता स्टुलावरून पडतायत तेव्हा कोण जबाबदार असतं? गणपतीत लायटिंगला पैसे निघतात, गेटवर सेल्फी पॉइंट झाला, शिडीपाशी आलं की सगळ्यांना कायदा आठवतो.

शेजाऱ्याला मदत करण्याचंही एक सांगतो. फुकट काम करणारा माणूस सापडला की लोक त्याला सोडत नाहीत, रात्री दहाला बेल वाजते, फ्लश वाहतोय जरा बघता का, आणि मग तो माणूस सहा महिन्यांत फोन उचलणं बंद करतो. त्या ताईंचा नियम मला फार आवडला. त्या कुणाच्याही घरी जातात पण घरातल्या एकाने शेजारी उभं राहून टॉर्च धरायचा आणि शेवटचा स्क्रू स्वतः पिळायचा. पुढच्या वेळी बहुतेकांना बोलवावं लागत नाही. चहा मात्र घेतात.

आणि काय करायचं नाही हेही लिहितो, नाहीतर माझ्या नावाने कोणी काहीतरी उपद्व्याप करेल. गॅसला हात लावायचा नाही, वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडायच्या, कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही आणि १९०६ ला फोन करायचा. केशरी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, बऱ्याच घरात ती किती जुनी आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. गीझर उघडायचा नाही, बीम आणि कॉलमला ड्रिल मारायचं नाही. अर्थिंगची तिसरी पिन तोडून प्लग घुसवणारे तर थोर लोक आहेत. बोर्डावर ३० मिलिअॅम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, लाइट गेली पाहिजे, नाही गेली तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला गाठा, तिथे मी त्याला व्हिजिटचे पैसे आनंदाने देईन.

नेदरलँड्समध्ये २००९ साली अॅमस्टरडॅमला रिपेअर कॅफे सुरू झाले, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांबरोबर बसून दुरुस्त करतात, बेंगळुरूतही २०१५ पासून तसे भरतात. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून, शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं, गाड्या सगळं त्यात येतं. किती जणांना हे माहीत आहे? शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा, आमच्या वेळी त्यात कागदाची फुलंच जास्त झाली, तिथे एकदा तरी मुलांना प्लगला वायर जोडून दाखवा (प्लग हातात घेऊन, भिंतीत घालून नव्हे).

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला दोन रेसिपी असतात. त्यातली एक कमी करून त्या जागी एक छोटी दुरुस्ती छापता येईल का, फोटोसकट? फ्लशच्या टाकीपासून सुरुवात करा, तिची तक्रार प्रत्येक घरात आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कर्वेनगर, पुणे