सिंहस्थातली पुडी

नाशिक, ११ जानेवारी २०२६

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलं की तू "शुगर ठीक आहे गं" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. आज तारीखही तशीच आहे. १९२२ साली आजच्याच दिवशी टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तेव्हा तुझ्या आजारावर, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर, उपाय एकच: जवळजवळ उपाशी ठेवायचं आणि दिवस काढायचे. पहिल्या दिवशीचं औषध अशुद्ध निघालं. टोचलेल्या जागी गळू झालं, शुगर जराशीच उतरली. कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञानं रात्रंदिवस खपून ते शुद्ध केलं, २३ तारखेला पुन्हा दिलं, आणि पोरगा तरतरीत झाला. पुढं तेरा वर्षं जगला. मला या सगळ्यात त्याचा बाप दिसत राहतो. तोवर कुत्र्यांवर करून पाहिलेलं औषध आपल्या लेकराला द्यायला त्यानं हो म्हटलं होतं.

मीही एकदा हो म्हटलं होतं. ते तुला कधी सांगितलं नाही.

२०१५ चा सिंहस्थ. तू नऊ वर्षांची, निदान होऊन चार महिने झालेले. तू सुई बघितली की पलंगाखाली शिरायचीस आणि मी तुला पाय धरून ओढायचे. रामकुंडाकडून परत येताना पंचवटीत एकानं पथारी मांडली होती, वर पाटी: सुईपासून कायमची मुक्ती. त्यानं तुझं वय विचारलं नाही, आजार कुठला तेही नाही. दीड हजाराला एकवीस पुड्या घेतल्या. पहिल्या दिवशी इन्सुलिन निम्मं केलं, दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या पहाटे तू ओकत होतीस, भात्यासारखा श्वास चालला होता, तोंडाला कुजक्या फळाचा वास. चार दिवस आयसीयू. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, डोस द्यायला विसरले. तू बरी झाल्यावर पथारीच्या जागी गेले, तर तिथं कानातली विकणारी बाई बसली होती.

बाबांना हे मागच्या महिन्यात सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून झाडांना पाणी घालायला गेले. आता तुला सांगतेय. रागव हवं तर.

थॉम्पसनचा बाप आणि मी, घाबरलेले दोघंही सारखेच. पण त्याच्या मुलाला काय दिलं, किती दिलं, काय बिघडलं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. गळू झालं तेही. त्या नोंदीवरून पुढचं औषध सुधारलं. माझ्या पुडीवाल्यानं काय नोंदवलं? आणि मी तरी काय केलं? उलट लपवलंच. तुझा आजारही लपवला. शाळेत सांगू नको, आत्याकडे बाथरूममध्ये जाऊन टोच, उद्या लग्नाचं बघायचं आहे. त्यामुळे लोकांना अजून वाटतं की पोरीनं गोड फार खाल्लं. आपल्याच शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, हे शेजारच्या काकूंना दहा वर्षांत मी एकदाही सांगितलं नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ सालच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. बहुतेक सगळे दुसऱ्या प्रकारचे. त्या गर्दीत तुझ्यासारखी मुलं कोणाला दिसणार? लहान वयात मधुमेह झालेल्यांची नोंदवही आयसीएमआरनं २००६ मध्येच सुरू केली. मला तिचा पत्ता गेल्या वर्षी लागला.

संशोधन कुठवर आलं ते वाचत असते. मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडवता येतात) प्रयोगशाळेत वाढवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बारा जणांना पूर्ण मात्रेत दिल्या. वर्षानंतर त्यांतल्या दहा जणांना इन्सुलिन लागत नव्हतं. २०२५ मध्येच हे प्रसिद्ध झालं. मी रडले, मग पुढचं वाचलं. त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात, म्हणजे एक जोखीम टाकून दुसरी उचलायची. स्वीडनमध्ये एकाच माणसाला जनुकं बदललेल्या पेशी दिल्या, त्या अशा गोळ्यांशिवाय तग धरून राहिल्या. मात्र त्यांची मात्रा इतकी थोडी होती की त्याचं इन्सुलिन सुटलं नाही. एवढंच आहे सध्या. तुझ्या आजीला हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग हळूहळू का होईना, चाललंय ना."

आता कामाचं. या वर्षअखेरीस पुन्हा सिंहस्थ सुरू होतोय, पुन्हा पथाऱ्या लागतील. आम्ही सहा-सात पालकांनी ठरवलंय की पंचवटीत रीतसर परवानगी काढून एक टेबल मांडायचं. इन्सुलिन बंद करू नका, हे सगळ्यात मोठ्या अक्षरात. मुलाची नोंद करा. कोणी मूलपेशींचे उपचार विकत असेल तर पाकीट बाहेर काढू नका. मधुमेहावर ते विकायला आपल्याकडे मान्यता नाही. खरी चाचणी असेल तर ती सरकारी नोंदणीत सापडते आणि औषधाचे पैसे आपल्याकडून घेत नाहीत. संशोधनासाठी डबाही ठेवावा असं काहीजण म्हणतात. मी नको म्हटलं. मेळ्यात डबा वाजवणारे आधीच खूप असतात.

त्या टेबलावर मी पुडीची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायची तर तुझं नाव येतंच, निदान "माझी मुलगी" एवढं तरी. माझ्या चुकीवर माझा हक्क आहे, तुझ्या आजारावर नाही. त्या वेळी तुला विचारलं नव्हतं, आता विचारतेय. नाही म्हणालीस तर टेबलावर बसून नुसती पत्रकं वाटेन.

रविवारी बाबा पुण्याला येतायत. इन्सुलिनची पेनं थंड पिशवीत देतेय, फ्रीजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. द्राक्षंही आहेत, काळी, बागेतून आणलेली. पंधरा-सतरा द्राक्षांना पंधरा ग्रॅम कर्बोदकं धर, आणि रूममेटना मोजल्याशिवाय खाऊ दे.

तुझी,
आई